माणकोली पुलावरचा फ्यूज

साईनाथला त्या आवाजाचा इतका तिटकारा आला होता की शेजारच्या घरात कुणाचा मायक्रोवेव्ह वाजला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. टूं, टूं, टूं. गाडीच्या डिकीत ठेवलेला छोटा फ्रिज वीज गेली की असा रडायचा. वीज जायची, कारण फ्यूज उडायचा. आणि फ्यूज का उडायचा, हे डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंत एकाही शहाण्याला सांगता येत नव्हते.

फ्रिजमध्ये असायची स्वप्नाची सोलकढी. स्वप्ना म्हणजे त्याची बायको. डोळे फुटेपर्यंत कॉम्प्युटरवर आकडे भरायची नोकरी तिने फेब्रुवारीत सोडली आणि घरच्या घरी सोलकढीचा धंदा सुरू केला. साईनाथ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासनीस होता, रोज गाडीने ठाण्याला जायचा. त्याच इस्टेटमधल्या एका मोठ्या कंपनीचे कॅन्टीन हेमांगी नावाची बाई चालवायची. तिने रोजची ऑर्डर दिली, साईनाथने हौसेने गाडीवर चालणारा फ्रिज घेतला, डिकीतल्या सॉकेटमध्ये त्याची पिन खोचली, आणि सगळे कसे छान जमले असे दोघांना वाटले. जमले ते जेमतेम आठवडाभर.

सोलकढी ही फार मानी चीज आहे. उन्हाळ्यात अर्धा-पाऊण तास तिला गारवा मिळाला नाही की ती फुटते. वर नारळाच्या दुधाचा चोथ्यासारखा थर आणि खाली गुलाबी पाणी. बर्फ घालून पाहिला, तर बाटल्यांवरची लेबले सुटून पाण्यात पोहू लागली. हेमांगीने दोनदा चालवून घेतले. तिसऱ्यांदा तिने बाटली उजेडात धरली आणि म्हणाली, "साईनाथदादा, वहिनींच्या हाताला चव आहे, मी नाही म्हणत नाही. पण हे असं लोकांपुढे ठेवू शकत नाही ना. अजून एकदा फुटलेली आली तर मला दुसरीकडे बघावं लागेल."

ही एकच मोठी ऑर्डर होती. ती गेली तर स्वप्नाला पुन्हा आकडे भरायला जावे लागणार होते, हे कुणी बोलत नव्हते, पण घरात सगळ्यांना ठाऊक होते.

साईनाथने आधी वागळे इस्टेटमधलाच एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन गाठला. त्याने फ्रिजकडे बोट दाखवले. "हा खातोय करंट. फ्रिज बदला." साईनाथने फ्रिज घरी नेऊन तपासला, दोन दिवस चालवला, एका जागी सुखाने घुरघुरत बसला बिचारा. मग दुसऱ्याने सांगितले, पंधराच्या जागी तीस अँपिअरचा फ्यूज टाका, उडायची कटकटच नको. "आणि वायर जळली तर?" साईनाथने विचारले. "तेव्हाचं तेव्हा बघू, साहेब," असे उत्तर आले. साईनाथने हात जोडले आणि गाडी काढली. तिसऱ्यांदा त्याने एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये डोके आपटले, तिथे टाय लावलेल्या पोराने गाडीला हातही न लावता सांगितले, की बाहेरचे उपकरण जोडले आहे ना, मग आम्ही बघणार नाही.

शेवटी मानपाड्याच्या महेंद्रने गाडी जरा मनावर घेतली. त्याने फ्यूजचा डबा उघडून दाखवले. "हे बघा. डिकीचं सॉकेट आणि पुढचं, गिअरजवळचं सॉकेट, दोन्ही एकाच फ्यूजवर आहेत. पुढचं तर रिकामंच आहे, त्याच्यावर लोड नाही." त्याने पुढच्या सॉकेटचे झाकण उघडून आत टॉर्च मारली. आत तळाशी एक काळा डाग होता. "आधीचा मालक सिगारेट पेटवत असेल," महेंद्र म्हणाला आणि झाकण लावून टाकले. गाडी सेकंडहँड होती, साईनाथला ते पटले. महेंद्रच्या मते दोष होता डाव्या सीटखालून मागे जाणाऱ्या वायरीत. "सीटवर माणूस बसला की घासत असणार." त्याने सीट काढली, वायर नवी टाकली, तिला जाड नळी घातली. साईनाथ पुढचे दोन दिवस एकटाच गेला-आला, फ्रिजने चूं केले नाही. त्याने महेंद्रला फोन करून तोंड भरून शाबासकी दिली. शुक्रवारी आईला घेऊन निघाला आणि पुलाच्या मध्यावर मागून आवाज आला. टूं, टूं, टूं.

पूल म्हणजे मोठागाव-माणकोलीचा. हा झाल्यापासून डोंबिवलीकरांना ठाणे एकदम जवळ आले. खाली उल्हासची खाडी, आणि या बाजूला रेतीबंदर. साईनाथची आई हौसाबाई मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्याबरोबर यायची. टेंभी नाक्याला तिची लेक विनिता राहते, तिच्या घराजवळच गुडघ्यांना शेक देणारी बाई होती. संध्याकाळी साईनाथ तिला परत घेऊन यायचा. हौसाबाई गाडीत गप्प बसायची. पूल आला की मात्र पुढे वाकून, कपाळ जवळजवळ डॅशबोर्डला टेकवून नमस्कार करायची. तिचे यजमान दगडूमास्तर परिवहनच्या बसवर कंडक्टर होते. दोन वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा त्यांच्या अस्थी याच रेतीबंदरला सोडल्या होत्या. त्यामुळे तिने हात जोडले की साईनाथ मुद्दाम समोर बघायचा. रडू येईल की काय अशी त्याला धास्ती असे, आणि गाडी चालवताना रडणे त्याला परवडणारे नव्हते.

शिवाय त्याचे कान डिकीकडे लागलेले असायचे. आवाज आला की पुढचा सगळा रस्ता तो मनातल्या मनात महेंद्रची, फ्रिजची आणि गाडी विकणाऱ्या मूळ मालकाची खरडपट्टी काढायचा. टेंभी नाक्याला गाडी थांबली रे थांबली की उडी मारून मागे जायचा, डिकी उघडून बाटल्यांना हात लावून बघायचा, मग पुढे येऊन स्टिअरिंगखाली डोके घालून फ्यूज बदलायचा. तोपर्यंत हौसाबाई आपली पदराची पिन नीट करत बसलेली असायची. तिला कधीच घाई नसे. जळका निळा फ्यूज उजेडात धरून साईनाथ म्हणायचा, "हा बघ, आई, गेला मेला." ती म्हणायची, "काय बाई तरी." आणि हळूहळू पाय खाली टाकायची.

पुलाच्या सांध्यांवर गाडी दणकते म्हणून होत असेल, असे त्याने पुढे ठरवले. मग एका शुक्रवारी तो शिळफाट्याने गेला. तिथल्या ट्रॅफिकने त्याचे डोके उठवले, हेमांगीचे दोन फोन येऊन गेले, पण फ्यूज शाबूत राहिला. हौसाबाई त्या दिवशी जाताना तोंड पाडून बसली. "का गं, बरं नाही वाटत?" त्याने विचारले तर म्हणाली, "हा रस्ता कशाला घेतलास?"

"फ्यूजसाठी."

"जळो तुझा फ्यूज," ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

बुधवारी तो एकटाच मुद्दाम पुलावरून गेला, मुद्दाम प्रत्येक सांध्यावर गाडी आपटत गेला. काही झाले नाही. परत आला, काही झाले नाही. म्हणजे नुसता पूलही नाही. त्या संध्याकाळी जेवताना त्याने भात कालवायचे सोडून दिले आणि स्वप्नाला म्हणाला, "तुला सांगतो, मी येडा होणार आहे. एकटा पुलावरून गेलो, उडत नाही. आईला घेऊन शिळफाट्याने गेलेलो, उडत नाही. आई आणि पूल एकत्र आले की उडतो. आता हे कुठल्या मेकॅनिकला सांगू? मला हाकलून देतील."

स्वप्ना दमलेली होती. दिवसभर नारळ खवून तिचे मनगट सुजले होते. ती म्हणाली, "मग काही दिवस आईंना नको नेऊस. विनिताताईंना सांग, त्या येतील न्यायला."

हौसाबाई ओट्यापाशी कोकम भिजत घालत होती. तिने भांडे जरा जोरात ठेवले. "मी येणार," ती म्हणाली. "पुलावरनंच येणार. शेक नाही मिळाला तरी चालेल, पण मला त्या पुलावरनं न्यायचं."

"आई, अगं ऑर्डर जाईल स्वप्नाची!"

"मी काय तुझ्या गाडीच्या वायरी चावते का रे?"

शेवटी स्वप्नाने ठरवले, की शुक्रवारी आपण स्वतः बरोबर जायचे. मागच्या सीटवर बसायचे आणि नेमके काय होते ते डोळ्यांनी बघायचे. सोलकढी फुटणार असेल तर निदान तिच्या समोर फुटेल.

शुक्रवारी सकाळी तिघे निघाली. उकाडा असा की मोठागावपर्यंत पोचेतो एसीने नुसता सुस्कारा टाकल्यासारखी हवा फेकली. स्वप्ना हौसाबाईच्या मागे बसली होती, एक कान डिकीकडे लावून. पूल लागला. साईनाथने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरले आणि समोर बघू लागला. हौसाबाई पुढे वाकली, हात जोडले.

हात जोडलेलेच होते, पण दोन सीटांमधून वाकून बघताना स्वप्नाला दिसले की ते नीट मिटलेले नाहीत. त्यांच्यात काहीतरी धरलेले होते. मग उजव्या अंगठ्याने हौसाबाईने गिअरजवळच्या सॉकेटचे झाकण वर केले आणि जे काही होते ते त्या भोकात सोडून झाकण लावले. चट् असा बारीक आवाज झाला. आणि मागे लगेच टूं, टूं, टूं.

"आई!" स्वप्ना ओरडली.

साईनाथने इतका दचकून ब्रेक दाबला की मागच्या टेम्पोवाल्याने त्याच्या खानदानाचा उद्धार केला. पुलावर थांबता येत नव्हते. माणकोलीच्या बाजूला उतरल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि वळून बघितले. "काय झालं?"

"आईंनी त्या सॉकेटमध्ये काहीतरी टाकलं."

साईनाथने झाकण उघडले. मोबाइलच्या उजेडात तळाशी काहीतरी चमकले. मधल्या टोकाला आणि कडेला अगदी चिकटून बसलेले.

"हात नको लावू, मी काढते," हौसाबाई म्हणाली. तिने पदराची सेफ्टी पिन काढली, ती आत घालून सराईतपणे फिरवली आणि एक छोटे नाणे बाहेर ओढले. चार आणे. गेंड्याचे चित्र असलेले, कधीच बंद झालेले चार आणे. मग कमरेची पिशवी सोडून त्यातली एक वेगळी, लाल दोऱ्याने बांधलेली पुरचुंडी तिने उघडली. तिच्यात तसलीच आणखी नाणी होती. हे नाणे तिने त्यात टाकले.

साईनाथच्या डोळ्यांपुढे फाटकन सगळे आले. ती टेंभी नाक्यावरची पदराची पिन. तो काळा डाग. काढलेली सीट, नवी वायर, जाड नळी, शिळफाट्याचा ट्रॅफिक. त्याला इतके ओरडायचे होते की तोंडातून आधी नुसती हवाच आली.

"आई, अगं ते सॉकेट आहे! त्यात वीज असते! तुला झटका बसला असता तर? आणि हे कशासाठी? कशासाठी, सांग मला!"

"खाडीला टाकायला," ती म्हणाली. जणू हे विचारायची गोष्टच नव्हती.

"मग खाडीत टाक ना! गाडीत कशाला टाकतेस?"

"कशी टाकू? तू काच बंद करून ठेवलीस."

साईनाथला आठवले. फ्रिज नवा होता तेव्हाची गोष्ट. पहिल्याच मंगळवारी हौसाबाईने पुलावर काच खाली केली होती आणि गाडीत गरम हवेचा, धुळीचा लोट घुसला होता. तो वैतागला होता. एसी चालू असताना काच उघडतात का, मागे फ्रिज आहे, जरा विचार करत जा, असे बरेच काही बोलला होता. आणि आपल्या दारावरचे बटण दाबून सगळ्या काचा कुलूपबंद केल्या होत्या. ते बटण आजतागायत दाबलेलेच होते.

"खाडीवर असताना ते हातातनं सुटायला हवं," हौसाबाई सांगत होती. "पिशवीत परत ठेवलं तर ते माझंच राहिलं. म्हणून तिथे सोडते. उतरताना काढून बाजूला बांधते. कधी उघडशील काच, तेव्हा सगळी एकदम टाकीन म्हटलं."

"मला सांगायचं ना, आई."

"तू ओरडलास." ती पुरचुंडीची गाठ मारत होती. "आणि तुझ्या बापाने मला जन्मात बसमधनं फुकट नेलं नाही. सगळ्या कंडक्टरांच्या बायका तशाच जायच्या. हा माणूस स्वतःच्या खिशातले पैसे टाकून माझं तिकीट फाडायचा, वर चारचौघांत हातात द्यायचा. लोक बंद व्हायला आलेले चार आणे त्यांच्या गळ्यात मारायचे. पण ते स्वतःचे रुपये घालून बॅगेचा हिशेब पुरा करायचे नि हे चार आणे घरी आणायचे. डबा भरलाय त्यांनी. आता त्यांच्या डोक्यावरनं जाते मी आठवड्यातनं दोनदा. फुकट जाऊ?"

मागे फ्रिज टूं टूं करत होता. स्वप्नाने डोळ्यांना ओढणी लावली होती. हसते आहे की रडते आहे ते साईनाथला कळले नाही, आणि विचारायची त्याची हिंमतही नव्हती. कुणावर तरी ओरडावे असे त्याला अजून फार वाटत होते. पण महेंद्र निर्दोष होता, फ्रिज निर्दोष होता, आई तर होतीच. राहिले होते ते फक्त दारावरचे बटण. तो निमूटपणे खाली वाकला, नवा फ्यूज बसवला. आवाज थांबला, फ्रिज घुरघुरायला लागला.

सोलकढी गारच होती. हेमांगीने बाटली उजेडात धरली, एक पेला ओतून उभ्या उभ्याच प्यायली आणि स्वप्नाला म्हणाली, "वहिनी, सोमवारपासून ताकपण द्याल का?" स्वप्नाने त्या क्षणी ताकच काय, अमृत मागितले असते तरी हो म्हटले असते.

संध्याकाळी परतताना पूल लागला आणि साईनाथने दारावरचे बटण सोडले. डावी काच खाली गेली. खाडीचा खारट, चिखलाचा वास गाडीत शिरला. हौसाबाईने पुरचुंडी सोडली, हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. नाणी कठड्यापलीकडे गेली असावीत. आवाज कसला येतोय तेवढ्या उंचीवरून. काच वर करायला साईनाथचे बोट बटणावर होते, पण तिचा हात अजून आत आला नव्हता. मग आला. त्यात एक नाणे शिल्लक होते. ते तिने गिअरशेजारच्या खळग्यात ठेवले.

"हे का ठेवलंस?"

"तुझं," ती म्हणाली. "तू तर रोज जातोस."

सोमवारी तो एकटा निघाला. गिअरजवळच्या सॉकेटवर त्याने चांगली जाड चिकटपट्टी लावली होती. पुलावर आल्यावर वेग कमी केला, डावी काच खाली केली, आणि आपल्या सीटवरून ते नाणे खिडकीबाहेर भिरकावले. ते काचेच्या चौकटीला लागले, टण्णकन आत आले आणि कुठेतरी नाहीसे झाले.

"अरे देवा!" साईनाथ ओरडला. त्याने श्वास रोखून डिकीकडे कान लावला. फ्रिज शांत होता. पूल संपला, त्याने गाडी कडेला लावली आणि नव्या वायरीच्या जाड नळीखाली, पायपुसण्याखाली, सीटच्या खाचेत हात घालघालून शोधले. पँटला ग्रीस लागले. बाजूने जाणारे लोक वळून बघत होते. नाणे सापडले ते दाराच्या खणात, पाण्याच्या बाटलीमागे. ते हातात आल्यावर पुढे निघून जाणे सोपे होते. कामावर उशीर होत होता, ताकाची पहिली खेप मागे होती. तरी त्याने गाडी वळवली आणि पूल पुन्हा ओलांडला. या वेळी अगदी कडेने, हळू. मागच्यांनी हॉर्न वाजवले. त्याने डाव्या खिडकीकडे जमेल तेवढे वाकून, नेम धरून हात लांब केला आणि नाणे सोडले. ते कठड्यावरून पलीकडे गेलेले त्याने स्वतः पाहिले. मग पहिल्यांदाच त्याने पुलावरून मान वळवून खाली रेतीबंदराकडे बघितले.

मोठागावला पोचल्यावर त्याच्या लक्षात आले की ठाणे पलीकडच्या बाजूला आहे.

म्हणजे परत तोच पूल. त्याने खिसे चाचपले, खळगा बघितला, दाराचा खण पुन्हा उपसला. चार आणे कुठले असायला. त्याने कपाळावर हात मारला, गाडी वळवली आणि पुलावर चढला. मध्यावर आल्यावर डावी काच पूर्ण खाली घेतली. गरम हवा तोंडावर आली.

"बाबा, जाण्याचं दिलंय," तो मोठ्याने म्हणाला. "येण्याचं संध्याकाळी देतो. खाली उतरवू नका."